फाल्को, जावा एजंट आणि आमचे कंटेनर

आमच्याकडे इमेज स्कॅनिंग आधीपासून होतं, म्हणजे कंटेनर (अ‍ॅप्लिकेशन चालवायची बंदिस्त जागा) ज्या तयार गठ्ठ्यातून उभा राहतो त्या इमेजची तपासणी. बिल्ड झाली की ट्रिव्ही हा स्कॅनर चालायचा, काही ‘क्रिटिकल’ सापडलं तर पाइपलाइन तिथेच अडायची, नाही तर हिरवी टिक आणि पुढे डिप्लॉयमेंट. मग एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटरने प्रश्नावलीत एक ओळ टाकली: कंटेनर चालू असताना त्याच्या आत काय चाललं आहे हे तुम्हाला कशावरून कळतं? आमच्या मॅनेजरनी तिथे ‘इमेज स्कॅनिंग केलं जातं’ असं लिहून पाठवलं. ऑडिटरने ते तसंच परत धाडलं. त्याचं बरोबरच होतं. स्कॅनर इमेज तपासतो. ती इमेज चालू झाल्यावर आत कोण काय करतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला सीव्हीई-२०२१-४४२२८ हा सुरक्षेतला दोष तेव्हा बाहेर आला, ज्याला पुढे सगळे लॉगफोरशेल म्हणू लागले. आदल्या दिवशी ज्या इमेजवर हिरवी टिक होती तीच दुसऱ्या दिवशी दहापैकी दहा तीव्रतेची धोकादायक ठरली, आणि मधल्या वेळात इमेजमधला एक बाइटसुद्धा बदललेला नव्हता. वर दुरुस्त्याही एकामागून एक: २.१५.०, मग २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, सगळ्या त्याच महिन्यात. पॅच लागेपर्यंत कोणी आत शिरलंय की नाही, एवढं तरी सांगणारं काहीतरी हाताशी असावं असं तेव्हा प्रत्येक टीमला वाटत होतं.

आमचं पोर्टल बियाणं आणि खतांच्या विक्रेत्यांसाठी आहे. गावोगावची कृषी सेवा केंद्रं त्यावरून मागणी नोंदवतात. मुख्य सेवा स्प्रिंग बूटमध्ये, जुनं बिलिंग पीएचपी लारावेलमध्ये, आणि पीडीएफ बनवणं, संदेश पाठवणं अशी किरकोळ कामं नोडजेएसमध्ये. सगळं कुबरनेटिसवर (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा), आमच्याच व्हीएमवर. मी प्लॅटफॉर्म टीममध्ये काम करते, म्हणजे रात्री क्लस्टर आजारी पडला की फोन मला येतो. खरिपाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, पोर्टलवर अशी झुंबड उडते की तेव्हा कोणत्याही बदलाला सक्त बंदी असते. म्हणून कंटेनरच्या आत नजर ठेवणारे एजंट बसवायचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि उन्हाळ्याच्या आत उरकायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

रनटाइमवर, म्हणजे कंटेनर चालू असताना, नजर ठेवणारे एजंट ढोबळमानाने दोन जातींचे. एक थेट अ‍ॅप्लिकेशनच्या प्रोसेसमध्ये जाऊन बसतो, क्वेरी कोणती चालली, कोणती फाइल उघडली, हे कोडच्या पातळीवर पाहतो. दुसरा अ‍ॅप्लिकेशनला हातही लावत नाही. तो नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका मशीनवर, बसतो आणि कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रॅमकडून जाणाऱ्या विनंत्या, म्हणजे सिस्टिम कॉल, ऐकतो. कंटेनर कितीही असले तरी नोडवर कर्नल एकच असतो, त्यामुळे एका जागी बसून त्याला सगळे कंटेनर दिसतात. आम्ही दोन्ही करून पाहायचं ठरवलं, आणि सुरुवात पहिल्या जातीपासून केली, कारण विक्रेत्या कंपनीच्या सादरीकरणात तो फार सोपा दिसत होता. ‘डॉकरफाइलमध्ये दोन ओळी’ असं त्यांचं म्हणणं.

डॉकरफाइलमध्ये आम्ही त्या दोन ओळी घातल्याच नाहीत. तसं केलं तर एजंटची आवृत्ती अ‍ॅप्लिकेशनच्या इमेजला चिकटते, आणि एजंट बदलायचा म्हटलं की सगळ्या टीमच्या दारात जाऊन ‘बाबांनो, पुन्हा बिल्ड करा’ म्हणावं लागतं. त्याऐवजी पॉडमध्ये (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) मुख्य कंटेनरच्या आधी चालणारा एक इनिट कंटेनर ठेवला. तो एजंटची जार फाइल एका तात्पुरत्या व्हॉल्यूममध्ये टाकतो आणि संपतो. मग मुख्य कंटेनरला ‘जावा टूल ऑप्शन्स’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून त्या जारचा पत्ता द्यायचा. जावा ५ पासून जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रात, ही सोय आहे: तुमच्या प्रोग्रॅमच्या मेन फंक्शनच्या आधी एजंटचं प्रीमेन चालतं आणि क्लास लोड होताना त्याचा बाइटकोड बदलायची मुभा त्याला मिळते. इमेज जशीच्या तशी राहते.

स्टेजिंगवर पहिला पॉड उठला आणि लगेच पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला, क्रॅशलूपबॅकऑफ. लॉगमध्ये चूक म्हणावी असं काहीच नाही. अ‍ॅप्लिकेशन सुरू होता होता ओळी मध्येच तुटत होत्या. कारण साधं होतं. प्रत्येक क्लास लोड होताना एजंट तो उलटसुलट करून पाहतो, त्यामुळे सुरू व्हायला वेळ जास्त लागतो. आमचा लाइव्हनेस प्रोब (‘जिवंत आहेस का’ ही नियमित तपासणी) जुन्या वेळेच्या हिशोबाने ठोठावत होता आणि उत्तर नाही म्हणून कुबरनेटिस पॉडला मारत होतं. स्टार्टअप प्रोब वेगळा दिल्यावर ते थांबलं. सीपीयूची लिमिटही सुरुवातीपुरती आड येत होती, ती सैल केली.

मग दुसरा प्रकार सुरू झाला. पॉड व्यवस्थित चालायचा आणि दुपारी कधीतरी अचानक गायब व्हायचा, एक्झिट कोड १३७. कर्नलने ओओएमच्या, म्हणजे मेमरी संपल्याच्या, नावाखाली मारलेला. जावा टीमने जीसीचे (जावाच्या मेमरी-सफाईचे) लॉग माझ्यापुढे ठेवले: हीप, म्हणजे जावाच्या डेटाची मेमरी, निम्मीसुद्धा भरलेली नाही, मेमरी कमी पडतेच कशी? गोम अशी की कंटेनरच्या लिमिटच्या पंचाहत्तर टक्के जागा हीपसाठी राखलेली होती. उरलेल्या पाव भागात थ्रेड, मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची जागा), नेटवर्कचे बफर आणि आता हा एजंट. एजंटने बदललेले क्लास मेटास्पेसमध्ये जास्त जागा खातात. हीप कितीही रिकामी असो, कंटेनरची मर्यादा राखणारा सीग्रुप सगळ्याची बेरीज पाहतो. टक्केवारी खाली आणली, लिमिट थोडी वाढवली. एजंटच्या दस्तऐवजात ‘मेमरीवर नगण्य परिणाम’ असं लिहिलेलं होतं. हा ‘नगण्य’ शब्द वाचला की मी हल्ली थेट ग्राफ उघडते.

अजून एक बारीक त्रास. जावा टूल ऑप्शन्स दिलं की त्या कंटेनरमध्ये सुरू होणारा प्रत्येक जेव्हीएम ते उचलतो आणि ‘पिक्ड अप’ने सुरू होणारी एक ओळ एररच्या प्रवाहात छापतो. आमच्या रात्रीच्या बॅच जॉबमध्ये की-टूल (हाही जावाचाच प्रोग्रॅम) चालवून सर्टिफिकेटची मुदत तपासणारी एक स्क्रिप्ट होती. ती एररच्या प्रवाहात काहीही आलं की ‘बिघाड’ म्हणून मेल पाठवायची. सकाळी सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये बिघाडाचे मेल, आणि बिघाड कुठेच नाही. तेव्हापासून ते व्हेरिएबल फक्त वेब सेवेच्या कंटेनरला, जॉबना नाही.

पीएचपीच्या बाजूला तर गाडी सुरूच झाली नाही. आमच्या पीएचपी इमेज अल्पाइनवर, आणि अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये जीलिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नसते, मसल असते. एजंटचं एक्स्टेन्शन जीलिबसीसाठी बांधलेलं. ते लोड करताना ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. फाइल डोळ्यांसमोर असते, परवानग्या ठीक असतात, तरी सापडत नाही. जे सापडत नसतं ते त्या फाइलला लागणारं दुसरंच काहीतरी असतं, पण संदेशावरून ते कळत नाही. उपाय एकच, बेस इमेज डेबियनवर न्यायची. बिलिंगवाल्यांनी हात जोडले. जुना कोड, कमी माणसं, वरून इमेज मोठी होणार. मला त्यांचं पटलं. पीएचपीला आतला एजंट द्यायचा नाही, असं ठरवून टाकलं.

आता नोडवरचा एजंट. यासाठी आम्ही फाल्को घेतला. सिसडिग कंपनीने तो २०१६ मध्ये आणला, ऑक्टोबर २०१८ मध्ये सीएनसीएफ या मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ झाला. मुक्तस्रोत आहे, नियम साध्या यॅमलमध्ये लिहिता येतात. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सुरुवातीलाच सांगावी लागते: फाल्को पाहतो आणि ओरडतो, अडवत नाही.

हेल्म या कुबरनेटिसच्या इन्स्टॉलरने बसवायला एक कमांड पुरते. ती दिली आणि पॉडची यादी पाहिली तर रिकामी. क्रॅश नाही, एरर नाही, पॉडच नाहीत. डीमनसेटला (प्रत्येक नोडवर एक पॉड ठेवणारी रचना) डिस्क्राइब केल्यावर तळाशी इव्हेंटमध्ये कारण दिसलं. आम्ही सगळ्या नेमस्पेसना (क्लस्टरमधले कप्पे) ‘रिस्ट्रिक्टेड’ हे पॉड सिक्युरिटीचं लेबल लावलेलं होतं, आणि फाल्कोला तर होस्टवरच्या गोष्टी पाहायच्या असतात. त्याला वेगळी नेमस्पेस आणि ‘प्रिव्हिलेज्ड’ लेबल द्यावं लागलं. यावर आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. “म्हणजे मॅडम, सुरक्षेसाठी जे आणताय त्यालाच सगळ्यात जास्त अधिकार?” प्रश्न रास्त होता. मग आम्ही पूर्ण प्रिव्हिलेज्ड कंटेनरऐवजी मॉडर्न ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) ड्रायव्हरला लागतात तेवढ्याच कॅपेबिलिटी, म्हणजे सुटे अधिकार, दिल्या, त्या नेमस्पेसमध्ये आमच्या टीमशिवाय कोणाला लिहिता येणार नाही असं केलं, आणि तेव्हा त्यांची सही मिळाली.

या ड्रायव्हरला साधारण ५.८ किंवा त्यापुढचं कर्नल लागतं. आमचे काही नोड उबुंटू २०.०४ वर, ५.४ कर्नलचे होते. जुन्या पद्धतीचं कर्नल मॉड्यूल घालून काम भागलं असतं, पण त्या सुमारास वरिष्ठांच्या डोक्यात १९ जुलै २०२४ ताजा होता. त्या दिवशी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. “तुमचा एजंट असंच काही करणार नाही ना?” हे मला लिफ्टमध्येसुद्धा विचारलं गेलं. कर्नल मॉड्यूल चुकलं तर कर्नलला घेऊन पडू शकतं. ईबीपीएफचा प्रोग्रॅम मात्र लोड होण्याआधी कर्नलचा व्हेरिफायर तपासतो आणि धोक्याचा वाटला तर नाकारतो. हे समजावून सांगितलं आणि त्या निमित्ताने नोड २२.०४ वर नेण्याचं रखडलेलं काम मंजूर करून घेतलं. नियमांचं आपोआप अपडेट होणंही बंद केलं. नवी आवृत्ती आधी स्टेजिंगवर येते, तिथे राहते, मग पुढे जाते.

फाल्कोच्या ‘स्टेबल’ दर्जाच्या नियमांची यादी तशी आटोपशीर आहे, दोन डझनांच्या आसपास. पहिल्या दिवशी त्यातल्या निम्म्याअधिक नियमांनी हजेरी लावली. मला भीती होती ती अलर्टच्या पुराची, आणि पूर आलाच. पण त्या पुरात वाहून आलेल्या गोष्टी पाहण्यासारख्या होत्या.

‘कंटेनरमधून कुबरनेटिसच्या एपीआय सर्व्हरशी संपर्क’ हा नियम ऑर्डरच्या सेवेवरून सतत वाजत होता. ऑर्डर घेणाऱ्या सेवेला एपीआय सर्व्हरशी काय काम? खोदून पाहिल्यावर निघालं की कॉन्फिगमॅप (क्लस्टरमध्ये ठेवलेली सेटिंग) थेट वाचायचा एक प्रयोग कोणीतरी केला होता. प्रयोग सोडून दिला, लायब्ररी मात्र पॉम फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररींच्या यादीत, तशीच राहिली, आणि दर थोड्या वेळाने इमानेइतबारे विचारपूस करत राहिली. ती काढली. सोबत ज्या पॉडना गरज नाही त्यांना सर्व्हिस अकाउंटचं टोकन देणंही बंद केलं. हे कुठल्याच स्कॅनरने आम्हाला सांगितलं नसतं.

‘लॉग पुसले जात आहेत’ हा इशारा बिलिंगच्या कंटेनरमधून आला. तिथे जुन्या काळातलं लॉगरोटेट अजून चालू होतं आणि ते फाइल रिकामी करत होतं. घुसखोरही नेमकं हेच करतो, त्यामुळे फाल्कोचा दोष नाही. लॉग फाइलऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर न्यायचं ठरलं.

एका संध्याकाळी मात्र ‘क्रिटिकल’ आला. संदेशाचा अर्थ असा: बेस इमेजमध्ये नसलेली बायनरी कंटेनरमध्ये चालवली जात आहे. कंटेनरची फाइल सिस्टिम थरांची असते. इमेजचे थर खाली, फक्त वाचण्यासाठी. कंटेनर चालू झाल्यावर जे काही लिहिलं जातं ते सगळ्यात वरच्या थरात. या वरच्या थरातली फाइल कोणी चालवली, म्हणजे ती इमेजसोबत आलेली नाही, नंतर कोणीतरी आणून टाकली आहे. क्रिप्टो मायनर घालणारे हेच करतात. मी अलर्टचे तपशील उघडले. पॉड पीडीएफ बनवणाऱ्या सेवेचा. बायनरी टेम्प डिरेक्टरीखालच्या एका लांबलचक नावाच्या फोल्डरमधली. पेरेंट प्रोसेस नोड. यूजर रूट नाही, एवढाच दिलासा. नेटवर्क पॉलिसी लावून पॉड बाजूला काढला आणि त्या सेवेच्या डेव्हलपरला फोन लावला.

तो जेवत होता. “अहो ताई, ते क्रोमियम ब्राउझर आहे,” तो म्हणाला. “इमेज फार मोठी होते म्हणून पॉड उठल्यावर आमच्या स्टोरेजवरून डाउनलोड करून घेतो.” आणि मग जरा थांबून, “हे दिसतं तुम्हाला?”

या ठिकाणी अपवाद लिहून मोकळं होणं सगळ्यात सोपं. क्रोमियम नावाच्या फाइलला माफ करा, अलर्ट बंद. पण मग उद्या कोणी मायनरचं नाव क्रोमियम ठेवलं तर तोही माफ. शिवाय ज्या स्टोरेजवरून ती बायनरी येत होती तिथे लिहायचा अधिकार निम्म्या ऑफिसला होता, आणि चेकसम तपासलं जात नव्हतं. मी हट्टाला पेटले: क्रोमियम इमेजमध्ये जाईल, मग ती कितीही मोठी होऊ दे. थोडी कुरकुर झाली, पण झालं. त्यानंतर त्या पॉडची रूट फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती करता आली, आणि पॉड उठायला लागणारा वेळही घटला.

सगळ्यात नाजूक नियम होता कंटेनरमध्ये टर्मिनल शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) उघडल्याचा. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही अडलं की अनुभवी मंडळी सरळ क्युबसीटीएल एक्झेक करून पॉडमध्ये जायची. ते चुकीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी सवय. फाल्को बसल्यावर अशा प्रत्येक वेळी चॅट चॅनलवर ओळ पडू लागली. कोणता पॉड, कोणती कमांड, किती वाजता. माणसाचं नाव त्यात नसतं, पण पॉड आणि वेळ पाहून सगळे ओळखायचे. आमच्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याने मला चहाच्या वेळी गाठलं. “काय गं, आता आमच्यावर पाळत ठेवणार का?” हसत विचारलं होतं, पण पूर्ण हसत नव्हतं. मी म्हटलं, दादा, ती ओळ तुमच्यासाठी नाही, तुमचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याच्यासाठी आहे. ते काही बोलले नाहीत. पण आठवड्याभरात त्यांनीच सुचवलं की डिबगिंगला जे वारंवार लागतं ते सगळं एका अ‍ॅडमिन एंडपॉइंटवर द्या, म्हणजे आत जावं लागणार नाही.

या नियमातली एक फट एका तरुण मुलाने शोधून काढली. नियमाच्या अटीत ‘टीटीवाय शून्य नसावा’ असं आहे, म्हणजे खरोखर टर्मिनल जोडलेलं असावं. त्यामुळे प्रोबसाठी कुबरनेटिस आत जे शेल चालवतं त्यावर उगाच ओरड होत नाही. पण माणसानेही टर्मिनल न मागता नुसती कमांड पाठवली तर नियम गप्प बसतो. मुलगा ते सगळ्यांना अभिमानाने दाखवत होता. मी त्याला धन्यवाद दिले आणि प्रॉडक्शनच्या नेमस्पेसमध्ये एक्झेकचा अधिकारच आरबॅकमधून (कुबरनेटिसची परवानग्यांची व्यवस्था) काढला. आता तातडीच्या वेळी तो ठरावीक मुदतीसाठी मागून घ्यावा लागतो, आणि कोणी मागितला हे कुबरनेटिसच्या ऑडिट लॉगमध्ये राहतं.

तयार नियमांवर पोट भरत नाही, स्वतःचे लिहावे लागतात. आमचा पहिला नियम: वेब सर्व्हरच्या प्रोसेसने शेल जन्माला घातली तर सांगा. जावाच्या कंटेनरमध्ये हा नियम लख्ख चालला, कारण जावातून बाहेरची कमांड चालवताना मध्ये शेल येत नाही. म्हणजे जावाच्या पोटी शेल दिसली तर काहीतरी गडबड आहेच. पीएचपीत उलट. तिथे एक्झेक फंक्शन वापरलं की मध्ये शेल येतेच येते. बिलिंगमध्ये विक्रेत्यांच्या परवान्यांच्या स्कॅन प्रती इमेजमॅजिकने लहान केल्या जायच्या, त्यामुळे कोणीही परवाना अपलोड केला की अलर्ट. अपवाद लिहायला बसल्यावर लक्षात येतं की शेलच्या कमांडचा नुसता सुरुवातीचा भाग जुळवून भागत नाही. त्याच ओळीत अर्धविराम देऊन पुढे काहीही जोडता येतं. पीएचपी ७.४ पासून प्रोक-ओपनला कमांड अ‍ॅरेच्या रूपात देता येते, आणि मग शेल लागतच नाही. बिलिंगवाल्यांनी तो बदल केला. डेबियनवर जायला तयार नव्हते, पण याला लगेच हो म्हणाले, कारण काम थोडं होतं आणि फायदा त्यांना स्वतःला दिसत होता.

दोन्ही एजंट एकमेकांची जागा घेतात का, हा प्रश्न खर्चाच्या बैठकीत येणारच होता. म्हणून वेगळ्या, बाहेरचं नेटवर्क तोडलेल्या नेमस्पेसमध्ये आम्ही मुद्दाम लॉगफोरजे २.१४.१ असलेलं एक छोटं अ‍ॅप्लिकेशन उभं केलं. हल्ला शेवटपर्यंत पोचावा म्हणून जावाही ८यू१९१ च्या आधीचा घेतला, कारण त्यानंतरच्या जावात दूरच्या एलडॅप सर्व्हरवरून क्लास उचलणं मुळातच बंद असतं. यूजर एजंटच्या हेडरमध्ये ती कुप्रसिद्ध जेएनडीआयची ओळ (लॉगफोरजेला दूरच्या सर्व्हरकडे लुकअप करायला लावणारी) टाकली. आतला एजंट ‘फक्त नोंद’ अवस्थेत असताना त्याने लुकअपच्या क्षणीच पूर्ण स्टॅक ट्रेस दिला, कोणत्या लॉगच्या ओळीतून हे सुरू झालं इथपर्यंत. फाल्को तोवर शांत. पुढे आणलेल्या क्लासने शेल उघडली तेव्हा फाल्को वाजला. मग आतल्या एजंटला ‘अडवा’ अवस्थेत टाकलं. लुकअप तिथेच थांबला, आणि फाल्कोने काहीच पाहिलं नाही, कारण त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

एसक्यूएल इंजेक्शनच्या चाचणीत तर फाल्को पूर्ण आंधळा. साहजिकच आहे. चांगली क्वेरी आणि वाईट क्वेरी दोन्ही त्याच सॉकेटवरून डेटाबेसकडे जातात, कर्नलला फक्त बाइट दिसतात. उलट बाजूने, एक्झेक करून आत आलेला माणूस किंवा वरच्या थरात आणून टाकलेली बायनरी आतल्या एजंटच्या गावीही नसते. दोन्ही एजंटच्या या निकालांचे तक्ते बैठकीत ठेवले. निकाल असा लागला: लॉगिन आणि ऑर्डरच्या जावा सेवांना आतला एजंट, बाकी सगळ्यांना फक्त फाल्को. परवान्याचे पैसे पॉडच्या संख्येवर होते, त्यामुळे ‘सगळीकडे दोन्ही’ हा पर्याय फार वेळ टिकला नसताच.

जावाच्या पॉडमध्ये एजंट घालायचं काम नंतर अ‍ॅडमिशन वेबहुककडे, म्हणजे पॉड तयार होतानाच त्यात बदल करणाऱ्या सेवेकडे, दिलं. इथे एक निवड करावी लागते आणि ती आमच्यात बरीच घोळली. वेबहुकच बंद पडला तर नवे पॉड थांबवायचे, की एजंटशिवाय जाऊ द्यायचे? सुरक्षा अधिकाऱ्यांचं मत थांबवा. माझं मत जाऊ द्या. जूनमधल्या सकाळी भार वाढला, नवे पॉड हवे आहेत आणि एका वेबहुकपायी ते उठत नाहीत, हे चित्र मला बघवत नव्हतं. शेवटी ‘इग्नोर’ ठेवलं, आणि एजंटशिवाय चालणारे पॉड शोधून ओरडणारा एक छोटा जॉब जोडला. सुरक्षा अधिकाऱ्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही.

अलर्ट कुठे पाठवायचे यावर थोडक्यात. अलर्ट पुढे वाटणारा फाल्कोसाइडकिक मध्ये ठेवला आहे. ‘क्रिटिकल’ आणि त्यावरचं रात्रीच्या ऑन-कॉलला जातं, बाकीचं चॅट चॅनलवर, आणि सगळंच्या सगळं लॉगच्या साठ्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्या ६ तासांमुळे वेळेचा प्रश्न गंभीर होतो. फाल्कोचा जेसन आउटपुट यूटीसीत असतो, आपण साडेपाच तास पुढे. रात्री सव्वादोनला उठलेल्या माणसाला अलर्टवर आदल्या तारखेचे पावणेनऊ दिसतात आणि तो हे जुनं आहे म्हणून परत झोपतो. चॅनलवर जाणाऱ्या संदेशात भारतीय वेळ आता वेगळी छापली जाते.

भार किती पडला? बहुतेक नोडवर लक्षात येण्याजोगा नाही. पण इंग्रेसचे, म्हणजे बाहेरची रहदारी आत घेणारे, नोड, जिथे जोडण्या प्रचंड, तिथे ‘सिस्टिम कॉलच्या घटना गळाल्या’ असा फाल्कोचा स्वतःचाच इशारा येऊ लागला. बफर भरला की तो घटना सोडून देतो, आणि सोडलेल्या घटनेत नेमकं काय होतं हे कोणालाच कळत नाही. बफरचा आकार वाढवला, आणि आमच्या नियमांना न लागणारे सिस्टिम कॉल ऐकणं बंद केलं. तेव्हापासून गळती क्वचित दिसते.

अलर्ट आला की फाल्कोने आपोआप काही करावं का, यावर सध्या काम चालू आहे. फाल्को टॅलन हे त्यासाठीच आहे. अलर्टवरून ते पॉड मारू शकतं, लेबल बदलू शकतं, नेटवर्क पॉलिसी लावू शकतं. मारण्याला माझा विरोध आहे. पॉड मेला की वरचा थर गेला, मेमरी गेली, आणि घुसखोराने काय आणलं होतं हे शोधायला हाती काही उरत नाही. लेबल काढलं तर पॉड सर्व्हिसमधून बाहेर पडतो, त्याच्या जागी नवा उठतो, आणि जुना नेटवर्क तोडलेल्या अवस्थेत जिवंत राहतो. स्टेजिंगवर इव्हेंट जनरेटरने खोटे हल्ले करून हे पाहिलं, नीट चालतं. प्रॉडक्शनवर मात्र फक्त ‘बेस इमेजमध्ये नसलेली बायनरी’ या एकाच नियमाला आपोआप कारवाईची परवानगी मिळाली आहे, कारण क्रोमियम इमेजमध्ये गेल्यापासून त्या नियमाचा एकही खोटा अलर्ट आलेला नाही. बाकी नियमांसाठी ऑन-कॉलच्या माणसानेच लेबल बदलायचं. त्याची कमांड चॅनलवर पिन केलेली आहे.